दुभंगावरची शोकप्रार्थना: एका मिश्र कुटुंबाचे आणि दोन मंडळ्यांचे प्रकरण

हे प्रकरण अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे आहे. एका कॅथलिक बाईंच्या निधनानंतर त्यांच्या प्रॉटेस्टंट पतीला आणि मुलांना जे सोसावे लागले, त्यातून गावातल्या दोन मंडळ्या, म्हणजे दोन चर्चचे सभासद, एकत्र बसून ख्रिस्ती समाजाच्या फुटीबद्दल शोक करण्यापर्यंत कशा पोहोचल्या, याची ही नोंद आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव, वर्ष आणि काही खाणाखुणा वगळल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. तरीही कोणता निर्णय योग्य ठरला आणि कोणता अपुरा राहिला, याबद्दलचे माझे मत मी जागोजागी मांडले आहे.

पार्श्वभूमी

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजाची घडण एकाच मिशनने केलेली नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ साली सुरू झाले, पुढे अँग्लिकन मिशन त्याच परिसरात आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जेझुइट फादरही गावोगाव पोहोचले. त्यामुळे एकाच वस्तीत एका भावाचे घर मिशनच्या शाळेच्या आधाराने प्रॉटेस्टंट झाले आणि दुसऱ्याचे फादरांच्या आधाराने कॅथलिक झाले, असे पुष्कळ ठिकाणी घडले. युरोपात सोळाव्या शतकात झालेली फूट येथे तीनशे वर्षांनी आयती आली, आणि ज्यांच्या पूर्वजांचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता त्यांना ती वारशाने मिळाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातले सीएनआय, स्थापन झाले, तेव्हा प्रॉटेस्टंटांच्या आपसातल्या काही भिंती उतरल्या. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यामधली भिंत मात्र तशीच राहिली.

प्रकरणातले कुटुंब याच भिंतीच्या दोन्ही बाजूंना राहत होते. पती निवृत्त शिक्षक असून गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. ते सीएनआय मंडळीचे सभासद आहेत. पत्नी जन्मापासून कॅथलिक होत्या. त्यांचा विवाह १९७० नंतरच्या दशकात कॅथलिक धर्मगुरूंच्या परवानगीने झाला. पोप सहावे पॉल यांनी १९७० साली मिश्र विवाहाचे नियम सौम्य केले होते, आणि मुलांचा स्नानसंस्कार व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे यासाठी शक्तीनुसार प्रयत्न करण्याचे वचन त्यानंतर फक्त कॅथलिक जोडीदाराकडूनच घेतले जाऊ लागले. बाईंनी ते वचन दिले होते. थोरला मुलगा कॅथलिक झाला. पुढे सासूबाईंच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही, आणि मुलगी व धाकटा मुलगा वडिलांच्या मंडळीत वाढले. हा तह कुणी कागदावर लिहिला नव्हता, पण घरातल्या सर्वांनी तो पाळला.

रविवारी बाई सकाळी लवकर मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, जात आणि नंतर गुरुजींबरोबर मंडळीच्या उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसत. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळी त्या जागेवरून उठत नसत. सीएनआयच्या पाळकांनी त्यांना अडवले नसते, पण त्यांच्या स्वतःच्या चर्चच्या नियमानुसार त्यांना तेथे भाग घेता येत नव्हता. गुरुजी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला पत्नीसोबत जात, आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सामधली पवित्र भाकर, घेण्याची रांग लागली की तेही तसेच बसून राहत. चाळीसहून अधिक वर्षे हे असेच चालले. लोक त्यांच्याकडे आदर्श जोडपे म्हणून बोट दाखवत. त्या आदर्शाची किंमत काय होती, हे कुणी विचारल्याचे दोघांच्याही मुलांना आठवत नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

बाईंचे निधन पावसाळ्यात, अल्प आजारानंतर झाले. अंत्यविधीची मिस्सा कॅथलिक चर्चमध्ये झाली आणि सीएनआय मंडळीचे बहुतेक लोक तेथे होते. कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तशरीर घेण्याच्या, वेळी थोरला मुलगा आपल्या बायकोमुलांसह पुढे गेला. गुरुजी आणि मुलगी शवपेटीशेजारच्या बाकावर बसून राहिले. धाकटा मुलगा मात्र रांगेत उभा राहिला. फादरांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला, पण ख्रिस्तशरीर दिले नाही. कॅथलिक धर्मकायद्याच्या ८४४व्या कलमानुसार इतर ख्रिस्ती व्यक्तीला हा संस्कार फक्त मृत्यूच्या धोक्यात, किंवा बिशपांनी मान्य केलेल्या तशाच गंभीर गरजेच्या वेळी, ठरावीक अटींवर देता येतो, आणि आईचा अंत्यविधी त्या अटींत बसत नाही. फादर नियमाप्रमाणे वागले, आणि होता होईल तितक्या प्रेमाने वागले. पण आईच्या शवपेटीपुढे रिकाम्या हाताने परतलेला तो मुलगा सगळ्या गावाने पाहिला.

तिसऱ्या दिवशी घरी सीएनआय मंडळीची सांत्वनप्रार्थना झाली. त्या प्रार्थनेत मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी असे शब्द वापरले, की माणसाचा निकाल मरणाच्या क्षणी लागतो आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनांनी त्यात काही बदल होत नाही. बाईंची थोरली बहीण तेथे हातात जपमाळ घेऊन बसली होती. ती न बोलता उठली आणि आपल्या गावी निघून गेली. ज्यांनी ती प्रार्थना केली त्यांना आपण कुणाला दुखावले याची त्या वेळी कल्पनाही नव्हती, कारण त्यांच्या दृष्टीने ते देवाच्या कृपेवरचा विश्वास बोलून दाखवत होते.

तिसरी गोष्ट कबरीची. गावात दोन्ही मंडळ्यांची कबरस्ताने शेजारी शेजारी आहेत आणि मधे दगडी कुंपण आहे. आपल्याला पत्नीच्या शेजारी जागा मिळावी, अशी विनंती गुरुजींनी कॅथलिक कबरस्तानाच्या समितीला केली. तेथे फक्त धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक कॅथलिक चर्चमध्ये, नोंद असलेल्यांनाच जागा मिळते, असे उत्तर आले. त्यांनी आपल्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीला विचारले, तेव्हा पत्नीची कबर पलीकडे असताना यात आपण काय करणार, असे ऐकावे लागले.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, फादर कबरस्तानात एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडून प्रार्थना करत होते. आईच्या कबरीजवळ त्यांची प्रार्थना संपली तेव्हा आपण आमेन म्हणावे की नाही, हे मुलीला ठरवता येईना. त्याच आठवड्यात तिने फादर आणि सीएनआयचे धर्मगुरू असलेले पाळकसाहेब या दोघांना एकच पत्र लिहिले. त्यात तक्रार नव्हती. तिने एवढेच विचारले होते, की दरवर्षी जानेवारीत तुम्ही ऐक्याची प्रार्थना एकत्र करता, तर आमच्या घरातून जी फूट गेली आहे तिच्याबद्दल एकदा एकत्र बसून रडता येईल का.

प्रश्नाचे खरे स्वरूप

पत्र आल्यावर दोघांनी प्रत्येकी तीन जणांना बरोबर घेऊन एक लहान गट केला. पहिल्या बैठकीत सर्वांचा सूर असा होता, की प्रश्न एका कुटुंबाच्या दुःखाचा आहे आणि भेटी देऊन, समजूत घालून तो सुटेल. दुसऱ्या बैठकीत सीएनआयच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेने चर्चेला वेगळे वळण दिले. त्यांनी आठवण करून दिली, की १५१७ साली मार्टिन ल्यूथर यांचा वाद पेटला तो पापाची शिक्षा माफ करणाऱ्या, चर्चने विकलेल्या पापदंडमाफीच्या पत्रांवरून, आणि ही पत्रे मृत नातलगांच्या आत्म्यांसाठीही विकली जात होती. जिवंत माणसाने आपल्या मेलेल्या माणसासाठी काय करावे, या प्रश्नावरच तर चर्च फुटले. पुढे १५६३ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने शुद्धिस्थानाची (स्वर्गात जाण्याआधी मृतांचे आत्मे शुद्ध होतात त्या अवस्थेची) आणि मृतांसाठी प्रार्थनेची शिकवण पक्की केली, आणि अँग्लिकन परंपरेच्या ३९ कलमांपैकी २२व्या कलमाने शुद्धिस्थानाची कल्पना नाकारली. म्हणजे गुरुजींच्या घरात सांत्वनप्रार्थनेच्या दिवशी जे घडले तो कुणाच्या जिभेचा तोल जाण्याचा प्रकार नव्हता. मूळचीच जखम त्या घरात उघडी पडली होती.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच होता. तोवर गट कुटुंबाला काय द्यावे याचा विचार करत होता, त्यानंतर तो स्वतःकडे पाहू लागला.

कोणते पर्याय होते

पहिला आणि सर्वांत सोपा पर्याय नेहमीचा कार्यक्रम नेहमीसारखाच करण्याचा होता. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा जगभर पाळला जातो. त्याची सुरुवात १९०८ साली अमेरिकेत झाली आणि १९३०च्या दशकात फ्रान्समधले कॅथलिक धर्मगुरू पॉल कुतुरिए यांनी त्याला अशी दिशा दिली, की कुणी कुणाला आपल्याकडे ओढण्यासाठी प्रार्थना करू नये, तर ख्रिस्ताला हवे ते ऐक्य त्याला हव्या त्या मार्गाने मिळावे, एवढेच मागावे. गावात या आठवड्यात एक संध्याकाळ ठरलेली होती. दोन गायनमंडळे गात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायावर, ज्यात येशू आपल्या शिष्यांच्या ऐक्यासाठी प्रार्थना करतो, एक प्रवचन होई आणि चहा घेऊन लोक घरी जात. तो कार्यक्रम वाईट नव्हता. पण त्यात फुटीचा उल्लेख यायचा तो ती जणू संपत आल्यासारखा, आणि गुरुजींच्या मुलीसमोर तसे बोलणे खोटे ठरले असते.

दुसरा पर्याय तरुणांनी मांडला. एकत्र प्रभुभोजन करावे, नियम माणसांसाठी असतात, असे त्यांचे म्हणणे होते. मागणीमागची कळकळ खरी होती, आणि गटातल्या कुणीही ती उडवून लावली नाही. परंतु फादरांनी स्पष्ट केले, की तसे केल्यास ते त्यांच्या बिशपांच्या आज्ञेविरुद्ध होईल आणि धर्मग्रामातले अनेक जण दुखावतील. एका घराची जखम भरण्यासाठी दुसरी पन्नास घरे फोडल्यासारखे होईल. पाळकसाहेबांनीही सांगितले, की ज्या भोजनाला फादर मनापासून येऊ शकत नाहीत ते भोजन आम्ही त्यांच्यावर लादणार नाही.

तिसरा पर्याय बाईंसाठी संयुक्त स्मरणप्रार्थना करण्याचा होता. तो मुलीच्या मागणीला सर्वांत जवळचा वाटत होता, पण त्यात मृतांसाठी प्रार्थनेचा प्रश्न पुन्हा समोर येणार होता, आणि एका कुटुंबाच्या शोकाला सार्वजनिक मुद्द्याचे रूप येण्याचा धोका होता. चौथा पर्याय काहीच न करता दोघा धर्मगुरूंनी गुरुजींना घरी जाऊन भेटण्याचा होता.

पाचवा पर्याय मुख्याध्यापिकेनेच सुचवला. ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी स्वीडनमधील लुंड येथील कॅथेड्रलमध्ये पोप फ्रान्सिस आणि लुथरन, म्हणजे ल्यूथर यांच्या परंपरेतल्या मंडळ्यांच्या, जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष बिशप मुनीब युनान यांच्या नेतृत्वाखाली ल्यूथर यांच्यापासून सुरू झालेल्या धर्मसुधारणेच्या पाचशेव्या वर्षाच्या निमित्ताने संयुक्त प्रार्थना झाली होती. त्या उपासनेच्या रचनेत आधी आभार, मग पश्चात्ताप आणि फुटीबद्दलचा शोक, आणि शेवटी एकत्र साक्ष देण्याचा संकल्प होता. त्या दिवशीच्या संयुक्त निवेदनात असे म्हटले होते, की जे सगळे आयुष्य वाटून घेतात पण प्रभूच्या मेजावर एकत्र येऊ शकत नाहीत, त्यांची वेदना आम्ही अनुभवतो. हे वाक्य बैठकीत मराठीत वाचून दाखवल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. गुरुजी आणि बाईंचे आयुष्य त्या एका वाक्यात होते, आणि ते दोन जागतिक मंडळ्यांच्या प्रमुखांनी सही करून मान्य केले होते. गटाने हा पर्याय स्वीकारला.

निर्णयाचे टप्पे

स्वीकारणे सोपे होते, पुढचे प्रत्येक पाऊल अवघड होते. पहिला आक्षेप सीएनआयच्या बाजूने आला. शोक करायचा म्हणजे धर्मसुधारणा झाली याचेच दुःख करायचे का, मग आमच्या पूर्वजांनी मराठी बायबल हातात घेतले, मिशनच्या शाळेत शिकले, ते सर्व चुकले असे म्हणायचे का, असा प्रश्न मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी विचारला. प्रश्न रास्त होता. त्यावर लुंडच्या क्रमानेच मार्ग मिळाला. जे मिळाले त्याबद्दल आधी आभार मानायचे, आणि शोक करायचा तो सुधारणेबद्दल नव्हे, तर तिच्यामागून आलेल्या तिरस्काराबद्दल, युद्धांबद्दल आणि एकमेकांच्या देवभक्तीवर केलेल्या खोट्या आरोपांबद्दल. कोणीतरी असेही म्हणाले, की आपण लुथरन नाही, मग त्यांची उपासना आपण का घ्यावी. पाळकसाहेबांनी सांगितले, की माणूस देवासमोर नीतिमान कसा ठरतो या ज्या शिकवणीवरून मूळ वाद झाला तिच्यावर कॅथलिक आणि लुथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त जाहीरनामा केला, २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषद त्यात सामील झाली आणि २०१७ मध्ये सुधारित मंडळ्यांचा जागतिक महासंघही. आपल्या सीएनआयची मुळे याच परंपरांमध्ये आहेत, तेव्हा हा कागद परक्यांचा नाही.

दुसरा टप्पा पापकबुलीच्या मजकुराचा होता, आणि या टप्प्यावर गटाने सर्वांत अधिक वेळ दिला. पहिल्या मसुद्यात सगळी वाक्ये आम्ही सर्वांनी अशा सुरुवातीची होती, आणि ती इतकी सर्वसाधारण होती की त्यांतून कुणालाच काही टोचत नव्हते. फादरांनी सुचवले, की प्रत्येक बाजूने फक्त आपले पाप बोलावे, समोरच्याचे नाही, आणि ते या गावातले असावे. हे सुचवणे सोपे नव्हते, कारण त्यानंतर यादी लिहायला सर्वांत आधी त्यांनाच बसावे लागले. कॅथलिक बाजूने तीन गोष्टी लिहिल्या गेल्या. प्रॉटेस्टंट घरांतल्या मुलांना वसतिगृहात प्रवेश देताना त्यांच्या आईवडिलांवर अप्रत्यक्ष दबाव आणल्याचे प्रसंग, त्यांच्या उपासनेला अपुरी म्हणून हिणवणे, आणि कबरस्तानाचे कुंपण. सीएनआयच्या बाजूने मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला जाणाऱ्या कॅथलिक शेजाऱ्यांना मूर्तिपूजक म्हणणे, रविवारच्या शाळेत मुलांना तसेच शिकवणे, आणि मिश्र विवाहातल्या सुनेला चाळीस वर्षे मागच्या बाकावर बसू देऊन तिला पुढे बोलवण्याचा विचारही न करणे, हे लिहिले गेले. शेवटचे वाक्य पाळकसाहेबांनी स्वतः लिहिले.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ सालच्या ऐक्यविषयक आदेशात देवाची आणि विभक्त बंधूंची, म्हणजे इतर ख्रिस्ती लोकांची, क्षमा मागण्याचे शब्द आहेत, हे धर्मग्रामाच्या पॅरिश कौन्सिलला, म्हणजे सल्लागार समितीला, दाखवावे लागले, कारण तेथील काही जणांचा समज होता की क्षमा मागणे म्हणजे शिकवण सोडणे. त्याच आदेशाने विभक्त बंधूंबरोबर एकत्र प्रार्थनेला प्रोत्साहन दिले आहे. बिशपांकडे मसुदा पाठवला गेला आणि त्यांनी दोन शब्दांची दुरुस्ती सुचवून संमती दिली. सीएनआयच्या बिशपांनीही दिली.

तिसरा टप्पा मृतांच्या स्मरणाचा. ज्या प्रश्नाने सर्व सुरू झाले तो टाळून चालणार नव्हते. कॅथलिक अंत्यविधीच्या वाचनांत दुसऱ्या मक्काबी ग्रंथाच्या १२व्या अध्यायातला मृतांसाठी अर्पण करण्याचा उतारा असतो, पण तो ग्रंथ प्रॉटेस्टंट बायबलात नाही. तो वाचला असता तर अर्धी सभा परकी झाली असती. गटाने विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातला भाग आणि १३०वे स्तोत्र निवडले. दोन्ही उतारे दोन्ही बायबलांत आहेत, दोन्हीकडे शोकाच्या वेळी वाचले जातात, आणि दोन्हींमध्ये माणूस देवाकडे उत्तर घेऊन जात नाही, तो खोल जागेतून हाक मारतो आणि वाट पाहतो. गावातल्या दोन्ही मंडळ्यांच्या मृतांची नावे एकत्र वाचायची, पण त्यांच्यासाठी काय मागायचे हे शब्दांत बांधायचे नाही. हे प्रभो, यांना आम्ही तुझ्या हाती सोपवतो, एवढेच म्हणायचे, असे ठरले. कॅथलिकांना त्यात आपली प्रार्थना दिसली आणि प्रॉटेस्टंटांना आपला भरवसा. यात वाद मिटला असे कुणी समजू नये. तो मिटला नाही हे उपासनेच्या सुरुवातीच्या निवेदनात सांगण्याचेही ठरले, आणि हा प्रामाणिकपणा मला या संपूर्ण मसुद्यातला सर्वांत मोलाचा वाटतो.

शेवटचा प्रश्न मेजाचा. एकत्र भोजन होणार नव्हते, पण त्याबद्दल मौन पाळायचे का? गटाने ठरवले, की वेदीसमोर एक साधे मेज ठेवायचे, त्यावर काहीही मांडायचे नाही, आणि लुंडच्या निवेदनातले ते वाक्य गुरुजींनी वाचावे. गुरुजींनी नकार दिला. सबंध आयुष्य आम्ही या गोष्टीबद्दल बोललो नाही, आता ती गेल्यावर मी माइकसमोर बोलणार नाही, असे ते म्हणाले. मग ते वाचन मुलीने करायचे ठरले.

प्रत्यक्ष प्रार्थना

प्रार्थना जानेवारीतल्या त्या आठवड्यात कॅथलिक चर्चमध्ये झाली. फादर आणि पाळकसाहेब दोघेही बाजूच्या दाराने, कोणतीही मिरवणूक न काढता आले. सुरुवातीला नारायण वामन टिळकांचे एक भजन म्हटले गेले. टिळक याच नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते, आणि १९१७ साली त्यांनी देवाचा दरबार सुरू केला तेव्हा पंथांच्या चौकटीबाहेरचा एक ख्रिस्तपंथ त्यांच्या मनात होता. आभाराचा भाग थोडक्यात झाला. कबुलीची वाक्ये दोन्ही बाजूंच्या सामान्य सभासदांनी वाचली. वसतिगृहाचे वाक्य वाचले गेले तेव्हा मागून एका माणसाचा हुंदका ऐकू आला. मागच्या बाकाचे वाक्य तेवढे पाळकसाहेबांनी वाचायचे होते, पण त्यांचा आवाज अडला आणि ते त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले.

मृतांची नावे वाचायला बराच वेळ लागला, कारण घरोघरी जाऊन ती गोळा केली होती आणि कुणाचेही नाव गाळायचे नाही असे ठरले होते. आजोबा कॅथलिक, नातू प्रॉटेस्टंट, चुलत घर पुन्हा कॅथलिक, असे एकाच आडनावाचे लोक एकामागून एक आले. अनेकांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळले, की आपले मृत एकमेकांत किती गुंतलेले आहेत. शेवटी प्रभूची प्रार्थना झाली आणि लोक चहासाठी न थांबता घरी गेले. चहा ठेवायचा नाही, हेही ठरवूनच केले होते.

परिणाम

ठोस म्हणता येईल असा एकच निर्णय पुढच्या काही महिन्यांत झाला. दोन्ही कबरस्तानांच्या समित्यांनी लेखी मान्य केले, की पतिपत्नींपैकी एकाची कबर ज्या बाजूला असेल तेथे दुसऱ्याला जागा मिळेल आणि विधी ज्याच्या त्याच्या धर्मगुरूच्या हातून होईल. कुंपण पाडण्याची सूचना मात्र नामंजूर झाली. बाईंची बहीण प्रार्थनेला आली नव्हती. सांत्वनप्रार्थना करणारे वडीलधारे स्वतः तिच्या गावी जाऊन तिला भेटले, आणि त्यांच्यात काय बोलणे झाले ते दोघांनीही कुणाला सांगितलेले नाही. रविवारच्या शाळेतला तो पाठ बदलला गेला.

कम्युनियनच्या बाबतीत काहीच बदलले नाही, आणि तसे होणारही नव्हते. धाकट्या मुलाने आपल्या बहिणीला सांगितले, की मला अजून राग आहे, पण तो राग आता मला एकट्याला वाहावा लागत नाही. काही गोष्टी बिघडल्याही. पॅरिश कौन्सिलमधल्या दोन सभासदांनी राजीनामे दिले. त्यांच्या मते चर्चमध्ये कॅथलिकांच्या चुका वाचून दाखवणे हा अपमान होता. सीएनआयमधली काही घरे त्या संध्याकाळी आली नाहीत आणि पुढेही या विषयावर बोलायला तयार झाली नाहीत. वसतिगृहाचा उल्लेख झाल्यामुळे जमिनीचा एक जुना वाद पुन्हा वर आला आणि दोघा धर्मगुरूंना त्यात महिनाभर मध्यस्थी करावी लागली. गावातली स्वतंत्र पेन्टेकोस्टल मंडळी या सगळ्यापासून दूर राहिली, कारण तिला बोलावलेच गेले नव्हते.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी उणीव थोरल्या मुलाच्या बाबतीत राहिली. गट मुलीशी, गुरुजींशी आणि धाकट्याशी बोलला, पण कॅथलिक असलेला थोरला आपल्याच बाजूचा आहे आणि त्याला काही दुखलेले नाही असे सर्वांनी गृहीत धरले. वास्तविक अंत्यविधीच्या मिस्साला वडिलांना बाकावर सोडून रांगेत जाण्याचे दुःख त्याच्याच वाट्याला आले होते. ज्याला संस्कार मिळतो त्यालाही फूट जखमी करते, ही गोष्ट कबुलीच्या मजकुरात कुठेच आली नाही. तो त्या संध्याकाळी आला, शेवटच्या ओळीत बसला आणि नंतर कित्येक आठवडे बहिणीशी कमी बोलला.

दुसरी उणीव अधिक खोलवरची आहे. या परिसरातल्या ख्रिस्ती कुटुंबांमधली दरी फक्त धर्मशिकवणीची नाही, काही घरांमध्ये ती जातीच्या जुन्या रेषेवरूनही गेलेली आहे, आणि कोणत्या वस्तीत कोणते मिशन पोहोचले यावरून ती रेषा पंथाच्या नावाखाली झाकली गेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती लोक अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिले, आणि त्याच्या निषेधार्थ दरवर्षी १० ऑगस्टला दोन्ही मंडळ्या एकत्र काळा दिवस पाळतात. बाहेरच्या अन्यायाविरुद्ध ज्यांना एकत्र उभे राहता येते त्यांना आपसातल्या याच गोष्टीबद्दल एकत्र शोक करता आला असता. मसुद्यात तसे एक वाक्य होते. ते विषयांतर म्हणून काढले गेले. माझ्या मते ते काढायला नको होते.

काळाचाही प्रश्न आहे. बाईंच्या निधनाला तेव्हा अर्धे वर्षही झाले नव्हते, आणि गुरुजींना नकार देण्याचा अधिकार मिळाला तो फक्त वाचनापुरता, कार्यक्रमापुरता नाही. मुलीचे पत्र खरे होते, पण ते सबंध घराच्या वतीने लिहिलेले नव्हते, आणि घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारायला एक महिना जास्त लागला असता तर जानेवारी चुकला असता, एवढेच झाले असते. ईस्टरनंतर सुमारे सात आठवड्यांनी येणाऱ्या पेन्टेकोस्ट सणाच्या आधीचे दिवसही अनेक मंडळ्या ऐक्याच्या प्रार्थनेसाठी वापरतात, तेव्हा ही प्रार्थना उन्हाळ्यात करता आली असती.

पुढच्या जानेवारीची तारीख दोन्ही मंडळ्यांनी ठरवली आहे आणि प्रार्थना या वेळी सीएनआयच्या चर्चमध्ये आहे. थोरला मुलगा आता गटाचा सभासद आहे. मिश्र विवाह झालेल्या सर्व जोडप्यांना विचारून मजकूर नव्याने लिहावा, अशी त्याची सूचना मान्य झाली आहे. पेन्टेकोस्टल मंडळीला बोलवायचे की नाही, यावर अद्याप एकमत झालेले नाही.